घरगाडीचं छत आन माजं घुंगरू

मला लिवता येतंय ते सई करन्यापुरतं आन कापडावर खडूनं आकडं घालन्यापुरतं. तिसरीत व्हते तवा पाठचा भाऊ जल्मला आन माजी शाळा पाळन्याच्या दोरीपाशी संपली. म्हनून हे मी बोलत गेले आन आमच्या बोळातल्या मास्तरीनबाईंनी लिवून घेतलं. त्येंनी दोन-तीनदा माजं बोलनं धुऊन काढायचा बेत केला. मी म्हनले, बाई, नवं कापड धुतलं की आटतंय, ऱ्हाऊ द्या हाय तसं.

काम म्हनशाल तर मी सोलापुरात सावली शिवली. चाळीसच्या वर वर्सं झाली. दुकानाच्या म्होरं कापडी छत असतंय की, सकाळी पुडं काढत्यात, सांजच्याला गुंडाळत्यात, ते. आमच्या बोर्डावर त्येला विंग्रजी नाव लिवलंय, पन माजी जीब तितं वळत न्हाय. आमी छतच म्हनतो. ह्या गावात उनाला काय तोटा न्हाय, म्हनून लोकांस्नी वाटतं सावलीच्या धंद्यात बरकतच असनार. तसं न्हाय. ऊन फुकट मिळतंय, आन सावली बी फुकटच मिळावी असं मानसाला वाटतंय. गिऱ्हाईक कपाळावर हात धरून वर बगतंय आन म्हनतंय, "यवडं बी काय न्हाय मावशी, औंदा सोसंल."

छताचं गनित सोपं हाय. भितीला एक लांब रूळ, त्येच्यावर कापड गुंडाळलेलं. कापडाचं म्होरलं टोक एका दांड्याला. भित आन दांडा ह्येंच्या मदी दोन लोखंडी हात, मानसाच्या हातागत कोपरात दुमडनारं, आन त्येंच्या पोटात ताकदीची स्प्रिंग. ह्यांडल फिरवलं की रूळ फिरतो, कापड सुटतं, हात उगडत जात्यात आन कापड तानून धरत्यात. उलटं फिरवलं की सगळं घडी घालून आत. यवडंच. पन ह्या यवड्याला तीन वैरी हायत. ऊन कापडाच्या आदी दोरा खातंय, म्हनून दोरा जाड घ्यायचा आन टाका दुहेरी घालायचा. पानी साचलं की कापडाला पोट सुटतंय, म्हनून पट्ट्या वरनं खाली जोडायच्या, आडव्या न्हाय. वाऱ्याला मातर शिवनात विलाज न्हाय. वारं आलं की छत मिटायचं. न्हाय मिटलं तर छताचा पतंग होतो, आन पतंगाची दोरी तुमच्या भितीला बांदलेली असती.

गिऱ्हाईक एकेक भेटलं. एका रसवंतीवाल्याच्या सावलीत एक पोपटवाला जोतिषी येऊन बसायचा. रसवंतीवाला माज्याकडं आला, म्हनला, "मावशी, छत हातभर आखूड करा. हा माजी सावली वापरतोय." मी म्हनले, सावली झिजती व्हय? पन त्येला पटंना. केलं आखूड. जोतिषी हातभर आत सरकला. परत आला, आनि हातभर कापा म्हनला. कापलं. जोतिषी आनि आत. शेवटी जोतिषी सावलीत आन रसवंतीवाल्याचं गुऱ्हाळ उनात, अशी वेळ आली. तवा मी कापलेलं तुकडं परत जोडून दिलं. ते मी ठिवलं व्हतं. मला ठावं व्हतं हे इतंवर येनार. पोपटाला इचारायची गरज न्हवती.

ह्ये हसायचं झालं. आता दुसरं.

मी वळसंगची. लगीन होऊन सोलापुरात आले तवा आमच्या मालकांचं, म्हंजे माज्या नवऱ्याचं, हेच छतांचं दुकान व्हतं. दुकान म्हंजे पत्र्याची खोली, एक मशीन, एक शिडी. ते चढायचे, मी शिवायचे. एक दिस वळवाचं वारं सुटलं. बाजारात एका कापडाच्या दुकानाचं छत मिटंना, गेर आडकला व्हता. आत लगीनघराचं गिऱ्हाईक बसलेलं, म्हनून दुकानदारानं वारं सुटल्यावर बी लई येळ छत मिटायला काडलंच न्हवतं. मालकांना बोलावनं आलं. ते शिडीवर चढले, गेर सोडवला, तवर वाऱ्यानं छत उचललं आन लोखंडी हात त्येंच्या छातीवर आला. शिडीवरनं खाली पडले, पाट मोडली. त्येच्या म्होरं अकरा वर्सं ते खाटंवर व्हते. मी मशीन खाटंजवळ वडली. एका हातानं त्येंचं करायचं, एका हातानं कापड सरकवायचं. लोक म्हनायचे, कसं गं सोसलंस. सोसायचं काय त्यात, बसायलाच दुसरी जागा न्हवती.

आन गंमत बगा. त्या दुकानाचं फाटल्यालं छत शिवायला माज्याकडंच आलं. गावात दुसरं कोन न्हवतंच. मी शिवलं. मालक खाटंवरनं बगत व्हते. म्हनले, "उजवा कोपरा डबल घे, तितनं परत फाटंल." मी डबल घेतला.

तवापासनं मी एक रीत धरली. माज्या वडलांनी बैलं इकली, पन बैलांची घुंगरमाळ ठिवली व्हती. वळसंगला गेले तवा ती मागून आनली. जे छत माज्या हातनं जाईल, त्येच्या म्होरल्या दांड्याला एक पितळी घुंगरू तारंनं बांदायचं. सुपारीयवडं. वारं वाडलं की ते वाजायचं, दुकानदाराला आतनं कळायचं, ऊठ बाबा, छत मीट. वडलांची माळ सरली, मग मी बाजारातनं आनाय लागले. कितीतरी दुकानांवर माजी घुंगरं वाजली. देवाचं कायतरी आसंल म्हनून लोक पाया पडायचे. मी बी सांगितलं न्हाय की ह्यो देव न्हाय, नवऱ्याची मोडल्याली पाट हाय.

आता ज्या कामासाटी हे सगळं सांगायला बसले ते सांगते. त्यात चूक माजी हाय, ते आदीच सांगून ठिवते.

बिराजदार सायेब म्हनून पाटबंधारे खात्यातनं रिटायर झाल्याले एक गिऱ्हाईक. त्येंनी एका मोट्या टेंपोचं घर करून घेतलं. आत पलंग, गॅस, पान्याची टाकी, सगळं. घरगाडी म्हनायचे. सायेब आन त्येंच्या मंडळी विजयाताई, दोगं त्यात बसून फिरायचे. कदी दुधनीकडं पावन्यांच्यात, कदी करमाळ्याला देवीला, कदी कर्नाटकात आत लांब. आपल्याकडं पत्र्याच्या गाडीत दुपारी बसनं म्हंजे भाकरी तव्यावर बसल्यागत. म्हनून गाडीच्या कुशीला छत लागतंयच. पैलं हातानं फिरवायचं छत मीच शिवून दिलं. सायेब ह्यांडल असं फिरवायचे जसं धरनाचा दरवाजाच उगडत्यात.

आन त्या छताखाली विजयाताईंचं राज. ताई मला एकदा म्हनल्या, "मावशी, लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या बदल्यांच्या मागं फिरले. सात गावं झाली, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतनं जेवढं दिसलं तेवढंच पाहिलं. आता स्वयंपाकघरच घेऊन फिरते." छताखाली शेगडी, खुर्ची, म्होरं रान. बाईला ह्येच्या परास काय लागतंय.

मग सायबांच्या खांद्याचं आप्रेशन झालं. डाक्टरनं सांगितलं, गाडी चालवा, पन छताचं ह्यांडल बंद. ताईंच्या मनगटात जोर न्हाय. आन त्येंचा पोरगा अभिजित, पुन्याला नोकरीला, त्येला आदीपासनंच ही गाडी डोळ्यात खुपायची. तो म्हनला, "छत उघडता येत नाही तर गाडी कशाला? विका आणि शांत घरात बसा." सायेब खांदा चोळत बसले. ताई माज्या दुकानात आल्या, सोता, रिक्षानं. म्हनल्या, "मावशी, बटणावर उघडणारं छत असतं म्हणे. ते बसलं तर गाडी राहील. नाहीतर माझी खिडकी परत आली."

आता माजा ल्योक शिवा. दुकान तोच बगतो, मला अव्वा म्हनतो. त्येनं मोटरवालं हात मागवलं. त्यात रुळाच्या पोटात मोटर असती, हातात रिमोट. बटन दाबलं की छत भाईर, दाबलं की आत. शिवानं जुनं हात काडलं. ते काडताना आदी दोरीनं आवळून बांदावं लागतंय, स्प्रिंग मोकळी झाली तर थोबाडीत बसती, आन ती थोबाडीत साधी नसती. नवं हात बसवलं, वायर बॅटरीपत्तोर नेली, कापड मी नव्यानं शिवलं. सामानासंगं तयार कापड आलं व्हतं. मी ते हातात धरून बगितलं आन म्हनले, हे धा म्हैने टिकंल. शिवा म्हनला, "कंपनीचं हाय अव्वा." मी म्हनले, कंपनीनं आपलं ऊन कुटं बगितलंय.

मग शिवानं मला दांड्याच्या उजव्या टोकाला एक डबी दाखीवली, काड्यापेटीयवडी. म्हनला, "अव्वा, हिला वारं कळतंय. दांडा हादराय लागला की ही मोटरीला सांगती, आन छत आपसूक मिटतंय. मानूस लागत न्हाय."

"कोन सांगतं हिला?"

"कोन न्हाय. हिलाच कळतंय."

"आन न्हाय कळलं तर?"

"कळतंय अव्वा. तुजं घुंगरू हितं बांदू नगंस. कामच न्हाय त्येचं."

मी व्हय म्हनले, पन मनाला पटंना. मानसाचं हात ह्यांडलवर असलं की वारं हाताला कळतंय, ह्यांडल जड व्हतंय, हिसका बसतोय. डबीला हात न्हाय, छाती न्हाय, मोडायला पाट न्हाय. ती कशाला घाबरंल? शिवा च्याला गेला तवा मी दांड्याखाली लोंबनारी छताची झालर उचलली आन आतल्या अंगाला घुंगरू बांदलं. दिसू ने म्हनून आतनं. आन नेमकं उजव्या टोकाला, कारन आमच्या मालकांनी मला उजवा कोपरा सांबाळायला शिकवलं व्हतं.

गाडी गेली. आठ दिसांत फोन. छत आपसूक मिटतंय.

शिवा गेला. बंगल्याच्या आंगनात छत उगडलं, अर्धा तास बसला, कायसुदिक झालं न्हाय. भितीच्या आड वारं कुटलं. तो परत आला. परत फोन. त्येनं मोटर तपासली, वायर बदलली. परत फोन. कंपनीला फोन केला, तितला मानूस म्हनला, रिमोटचे सेल बदला. सगळ्यांचं असंच असतंय, ज्याला कळत न्हाय तो सेल बदला म्हनतो.

मग हुरड्याचं दिस आलं. सायबांनी रानात गाडी लावली, पावनं बोलावलं, अभिजित आन त्येची बायको बी पुन्यासनं आली. ताईंनी मला नंतर सगळं सांगितलं. छताखाली पंदरा-वीस खुर्च्या, मदी शेंगाची चटनी, गूळ, दही. हुरडा भाजून येतोय, लोक खायाय लागल्यात. आन छत निगालं आत. हळूच, मानसानं पाय काडता घ्यावा तसं. म्हातारी मानसं खुर्च्या सरकवून सावलीच्या मागं. सायेब रिमोट दाबून भाईर काडत्यात, पाच मिन्टं ऱ्हातंय, परत आत. पावनं परत मागं. तिसऱ्या टायमाला सगळं पावनं गाडीला पाट लावून एका रांगंत, हातात हुरडा, फोटूला बसल्यागत. कोनतरी म्हनलं, "बिराजदार, छत तुमचं, पण मर्जी त्याची."

सगळं हासलं. अभिजित हासला न्हाय. त्येनं तितंच बार्शीच्या एका गिऱ्हाइकाला फोन लावला. त्येला चहाची गाडी करायची व्हती. येत्या रविवारी बगायला येतो म्हनला.

ताईंचा मला फोन आला. रडत न्हवत्या. म्हनल्या, "मावशी, रविवारपर्यंत काही होतं का बघा. नाही झालं तर राहू दे." त्या 'ऱ्हाऊ दे'ला मी वळखते. बायका ते म्हनायला लागल्या की त्येंचं सगळं म्हनून झाल्यालं असतंय.

शुक्कारी मी शिवाला म्हनले, मी येते संगं. तो म्हनला, "तू मोटरीचं काय करनार अव्वा?" मी म्हनले, काय न्हाय, बसनार. गाडी हिप्परग्याच्या तळ्याकडं नेली, मोकळ्या रानात. सायेब चालवत व्हते, ताई म्होरं, आमी मागं. छत उगडलं. वारं तसं लई न्हवतं. पान हालंल, फांदी हालनार न्हाय, यवडंच. मी गाडीच्या पायरीवर बसले आन ऐकत ऱ्हायले. डोळं आता दगा देत्यात पन कान हायत.

छन्. जरा थांबून, छन्. मग टक्. ते टक् दांड्यावर. घुंगरू झोका घेऊन दांड्याला, त्या डबीच्या बुडाला बडवत व्हतं. छन्, टक्. छन्, टक्. आन चौथ्या टकला मोटर गुरगुरली आन छत मिटाय लागलं.

ताई कवतिकानं म्हनल्या, "मावशी, ते घुंगरू किती गोड वाजतं हो. मी मुद्दाम कुणाला सांगितलं नाही, मला वाटलं तुमची आठवण."

मी उटले. शिवाला म्हनले, परत उगड. छत भाईर आलं. मी झालरीत हात घालून घुंगरू मुठीत धरलं आन हुबी ऱ्हायले. धा मिन्टं. पंदरा मिन्टं. छत जागचं हाललं न्हाय.

शिवा माज्या हाताकडं बगत व्हता.

"बांदलंस व्हय?"

"बांदलं."

"मी नगं म्हनलो व्हतो."

"व्हय."

त्येनं पक्कड काडली, तार कापली, घुंगरू माज्या हातात दिलं. डबीला वाटत व्हतं वादळ आलंय, कारन माजं घुंगरू तिला दर दोन मिन्टाला वादळ सांगत व्हतं. दोगी एकाच कामावर ठिवल्या, आन एकमेकीचं ऐकून दोगी बी येड्या झाल्या. म्हंजे डबी झाली. घुंगराचं काय, ते येडंच व्हतं.

सायेब-ताई तवर तळ्याच्या काठाला गेले व्हते, त्येंनी आमचं बोलनं ऐकलं न्हवतं. शिवा त्येंच्याकडं गेला आन म्हनला, "सायेब, डबी खराब व्हती. बदलली. आता न्हाय व्हायचं."

डबी त्येनं बदलली न्हवती. माजी लाज राकायला तो खोटं बोलला. यवडा मोटा झाला, कारागीर झाला, पन आईची चूक चारचौगांत न्यायची न्हाय ह्ये त्येला कुनी न शिकवता आलं. मी बी ते खोटं चालू दिलं. मला बरं वाटत व्हतं, खरं सांगते. चाळीस वर्सं नाव कमावलं, ते एका सुपारीयवड्या पितळंपायी कशाला घालवा.

रविवारी सकाळी बंगल्याबाहेरच्या मोकळ्या जागंत गाडी लावली. आमी दोगं गेलो, छत चालू करून दाखवायचं व्हतं. बार्शीचा मानूस आला व्हता, पांडरा सदरा, खिशाला दोन पेन. अभिजित त्येला सगळं दाखवत व्हता. छत उगडलं, ऱ्हायलं. वारं आलं, हाललं न्हाय. बार्शीवाल्यानं रिमोट हातात घेऊन दोनदा आत-भाईर करून बगितलं आन लई खूश झाला. इतं बगा कशी मौज. छत नीट झालं म्हंजे गाडी ऱ्हाईल म्हनून आमी धडपडलो, आन छत नीट झालं म्हनून गाडी आता जास्त लवकर जानार.

ताई छताखाली खुर्चीवर बसल्या व्हत्या. म्हनल्या, "अभि, छत आता नीट आहे. तू म्हणाला होतास, छत चाललं तर गाडी ठेवू."

अभिजित वाईट मानूस न्हाय, ते बी सांगायला पायजे. आई-बाप म्हातारं, रानामाळात फिरत्यात, त्येच्या जिवाला घोर. तो समजावून सांगाय लागला, "आई, आज ती डबी खराब झाली. उद्या मोटर जाईल, परवा आणखी काही. तुम्ही कुठंतरी आडरानात, बाबांचा खांदा असा. ही मशीनं भरवशाची नसतात. एकदा बिघडलं ते परत बिघडणारच."

ताई कशाच्या जिवावर भांडनार? डबी खराब व्हती ह्ये आमीच सांगितलं व्हतं. त्या सायबांकडं बगाय लागल्या. सायेब खाली. बार्शीवाला घड्याळाकडं.

शिवानं माज्याकडं बगितलं आन मान हालवली, नगं म्हनून. मला कळलं, त्येला बी तेच कळलं व्हतं. त्येच्या एका खोट्यानं माजी लाज ऱ्हायली व्हती आन ताईंची गाडी चालली व्हती.

मी पदर खोचला आन म्हनले, "डबी खराब न्हवती."

अभिजित म्हनला, "म्हणजे?"

"डबी पैल्या दिसापासनं बरी हाय. तीच हाय, बदलली न्हाय. मोटर बी बरी हाय. बिगाड मी केला." आन मग मी सगळं सांगितलं. घुंगरू कुटं बांदलं, का बांदलं, ल्योकानं नगं म्हनल्यावर चोरून कसं बांदलं. मालकांचं बी सांगितलं, दोन वाक्यात. ज्यादा सांगायची गोष्ट न्हाय ती. "म्हनून मशीनवर ठपका ठिवू नका. मशीन जे सांगितलं ते करत व्हती. तिला खोटं सांगनारी मी."

बार्शीवाल्यानं हळूच माज्याकडं बगितलं. त्येला बहुतेक चहाच्या गाडीला कापड बी माज्याकडनंच शिवायचं व्हतं, त्यो इचार त्येनं तितंच सोडला असनार.

अभिजित म्हनला, "मावशी, तुमच्यामुळं पावण्यांसमोर आमची केवढी शोभा झाली, माहीत आहे का?"

"व्हय. ताईंनी सांगितलं. फोटूला बसल्यागत."

त्यावर सायेब हासले. पैल्यांदा. खांदा धरून हासले, दुकत असनार. आन हासता हासता म्हनले, "अभि, मी पस्तीस वर्षं धरणाची दारं सांभाळली. दारं कधी खोटं बोलली नाहीत, माणसंच बोलायची. गाडी राहू दे."

अभिजित म्हनला, "बाबा, पण..."

ताई म्हनल्या, "पण काय? तुझी अट छताची होती. आता दुसरी अट आणू नकोस. बार्शीच्या भाऊंना चहा दे, लांबून आलेत."

बार्शीचे भाऊ चहा पिऊन गेले. अभिजित दुपारच्या गाडीनं पुन्याला गेला. जाताना आईला म्हनला, रोज फोन कर, कुटं हाय ते सांग. ताई म्हनल्या, करीन. ते बी बरं झालं. आदी तो म्हैन्यातनं एकदा करायचा.

शिवा हत्यारं गोळा करत व्हता. माज्याकडं पाट करून. मी म्हनले, रागावलास? म्हनला, "न्हाय. मी खोटं बोलल्यालं बी सांगितलंस सगळ्यांत." मी म्हनले, तू माज्यासाटी बोललास ते बी सांगितलं की. तो म्हनला, "ते न्हाय सांगितलंस." आटवून बगितलं, खरंच न्हवतं सांगितलं. तेवडं ऱ्हाऊनच गेलं. आता हितं सांगते. माजा ल्योक माज्यासाटी खोटं बोलला, आन कामात तो माज्यापेक्षा खरा हाय.

ताईंनी मला हाताला धरून छताखाली खुर्चीवर बसवलं. म्हनल्या, "बसा हो. उठायचं नाही." आन शेगडीवर चहा ठिवला. मी अंग चोरून बसले. मग ध्यानात आलं, इतकी वर्सं छतं शिवली, पन शिवल्यालं छत तानून उनात हुबं ऱ्हायल्यावर मी त्येच्या खाली अशी निवांत बसलेच न्हवते, शुक्कारी बसले ती बी कान लावून. दुकानात कापड मांडीवर असतंय, मशीनखाली असतंय, डोक्यावर नसतंय. लावायला आदी मालक जायाचे, मग रोजावरचा गडी, मग शिवा.

सावली बरी व्हती. म्होरं सायेब रिमोट हातात घेऊन हुबे, पोरासारखे. मी मान वर करून बगितलं. खालनं ऊन दिसतंय तवा शिवनीचं एकेक भोक उजेडाचं व्हतंय, सगळा टाका उगडा पडतोय. तिसऱ्या पट्टीची शिवन मदीच बोटभर वाकडी गेली व्हती. वरनं कदीच दिसली न्हवती.

ताईंनी कप हातात दिला. म्हनल्या, "काय बघताय मावशी?"

मी म्हनले, "काय न्हाय, ऊन बगतेय." एका दिसाला एक कबुली बास हाय.